करंजकोंडची हजेरी

५ नोव्हेंबर १९३३, रविवार

पोचलो एकदाचे! ही वही बाबांनी दिली. बांधकाम खात्याची गेल्या सालची आहे, पण निम्मी पानं कोरी आहेत. नव्या गावात रोज काय घडलं ते लिहायचं, असा त्यांचा हुकूम आहे. मला हुकूम आवडला. वाईच्या शाळेत माझं अक्षर पहिलं होतं, ते इथे गंजायला नको.

पावसाळ्यात आंबेनळी घाटातली एक मोरी वाहून गेली. ती बांधून काढायला बाबांची तीन महिन्यांची बदली झाली आहे. सकाळी वाईहून सर्व्हिस मोटारीत बसलो. महाबळेश्वरपर्यंत मजा वाटली. पुढे घाट उतरताना आईने डोळे मिटून घेतले आणि शकूने माझ्या परकरावर ओकून ठेवलं. शकू तीन वर्षांची, माझी धाकटी बहीण. पोलादपूरच्या अलीकडे मोटारीने आम्हाला उतरवलं, तिथे चांगू गाडीवान बैलगाडी घेऊन उभा होता. त्याच्या गाडीतून अर्ध्या तासात करंजकोंड.

गाव म्हणजे पंचवीस-तीस घरं. भात कापून झालंय, अंगणाअंगणात झोडणी चालू आहे आणि सगळीकडे पेंढ्याचा वास. आम्ही प्रयागबाईंच्या घराचा अर्धा भाग घेतला आहे. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत, त्या एकट्याच असतात. आमच्या माजघराच्या भिंतीपलीकडे त्यांची चूल. त्यांनी आल्याआल्या नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी आणून दिली. आमटी इतकी झणझणीत होती की बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ते फार छान, फार छान म्हणत राहिले.

एक गोष्ट मात्र गमतीची. समोरच्या खाचरातून एक बाई आपल्या दिराला हाक मारत होती. तो चार हातांवर उभा. तरी ढिम्म! तिसऱ्या हाकेला वळला. आमच्या घरात हे चालायचं नाही. आमच्याकडे एका हाकेत ओ द्यायची शिस्त आहे. आई दुसऱ्यांदा हाक मारतच नाही, जो आला नाही त्याचं ताट सरळ उचलते. माझं आजवर तीनदा उचललं गेलंय.

६ नोव्हेंबर, सोमवार

शाळा पाहिली. गावाच्या टोकाला, कौलारू, तीन बाजूंना भिंत आणि चौथी बाजू उघडी. तिथून खाचरं दिसतात आणि खाचरांपलीकडे थेट काळा कडा. एकतीस मुलं, चार इयत्ता, एकच मास्तर. महिपती मास्तर वयस्क आहेत, धोतर स्वच्छ, आवाज खणखणीत. मोठ्या वर्गात मुली दोनच, मी आणि आवडी. आवडी पाटलाची मुलगी, माझ्याच वयाची. तरटाच्या पट्टीवर मी तिच्याशेजारी बसले, तशी ती वीतभर सरकली.

मग हजेरी. हसू आवरत नाही! मास्तरांनी नाव घेतलं, येसाजी हैबती. येसाजी माझ्यापुढेच बसलेला, नाक ओढत. गप्प. पुन्हा घेतलं. गप्प. तिसऱ्यांदा घेतल्यावर म्हणाला, हजर. मला वाटलं, बिचारा बहिरा असेल. पण सगळेच तसे! एकतीस पोरांना त्र्याण्णव हाका. गोदावरी महादू या नावाला तर तिन्ही हाकांना कुणीच हजर म्हणालं नाही. तरी मास्तर थोडं थांबले आणि त्यांनी हजेरीपटावर हजरचं टिंब टाकलं. दिपोटीसाहेब तपासणीला येतील तेव्हा काय होईल, असं मनात आलं.

माझं नाव शेवटी. द्वारका रावजी. मी ताडकन उभी राहून पहिल्याच हाकेला हजर म्हटलं. वाईच्या शाळेत म्हणायचो तसं, छान मोठ्याने.

झोडणीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मी खाली बसले, परकर सारखा केला, आणि मग समोरच्या कड्याकडून माझा हजर परत आला. सगळी पोरं वळून बघायला लागली. माझ्याकडे नाही, कड्याकडे. मास्तरांनी माझं नाव पुन्हा घेतलंच नाही. आवडीने तोंडात मिठाची गुळणी धरली ती शाळा सुटेपर्यंत.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी प्रतिध्वनी म्हणजे काय ते समजावलं आणि एका हाकेत ओ दिलीस म्हणून पाठ थोपटली. मी खूश.

९ नोव्हेंबर, गुरुवार

कुणी बोलत नाही. आईने करून दिलेले बेसनाचे लाडू मधल्या सुट्टीत वाटायला नेले, एकानेही हात पुढे केला नाही. येसाजीने तर हात पाठीमागे बांधले. मी शहरातली, नाकाने कांदे सोलणारी, असं यांना वाटतं बहुतेक. वाटू दे. लाडू मीच खाल्ले, चार.

शाळा सुटल्यावर आवडी बांधावरून माझ्या मागे आली आणि हळूच म्हणाली, “उद्या हाक आली ना, की दातावर दात धर गो. तिसरीपातूर.” मी विचारलं, का? तर म्हणाली, “इथं तसंच असतं.” मला संशय आला. उद्या मी गप्प बसले आणि मास्तरांनी मला गैरहजर मांडलं, तर हजेरीत पहिला नंबर कुणाचा? तिचाच! मी तसं तोंडावर सांगितलं. ती निघून गेली.

आई म्हणते, मला संशय घ्यायची खोड आहे. असेना. चार दिवस, चार वेळा पहिल्या हाकेला हजर. कड्याकडूनही चार वेळा.

१५ नोव्हेंबर, बुधवार

इथलं सकाळचं धुकं मला बाधलं. शनिवारपासून कालपर्यंत तापाने अंथरुणात होते. आज बाबांची चिठ्ठी घेऊन शाळेत गेले. मास्तरांनी ती वाचली, दोनदा वाचली आणि घडी करून परत दिली. याची गरज नाही म्हणाले. हजेरीपट टेबलावर उघडा होता. माझ्या नावापुढे शनिवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही दिवस हजर.

कुणी तरी माझ्या नावाला ओ दिली. आवडीच, दुसरं कोण? मोठ्या वर्गात मुलीचा आवाज तिचा एकटीचाच आहे. आधी वाटलं, माझी हजेरी बुडू नये म्हणून केलं असेल, म्हणजे मैत्री करायची असेल. मी जाऊन थँक्यू म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

मग मधल्या सुट्टीत येसाजी स्वतःहून माझ्याकडे आला. पाच सागरगोटे हातात दिले आणि म्हणाला, काल तू इसरलीस. काल! काल मी घरात तीन घोंगड्यांखाली होते.

१६ नोव्हेंबर

सगळ्या शाळेने मिळून माझी फिरकी घ्यायची ठरवली आहे. आता पक्कं कळलं. आज लहान मुलं माझ्या भोवती गोळा झाली, ते गाणं म्हण की म्हणून. कुठलं गाणं? परवा म्हटलेलं. एका पोरीने पाटी आणून दाखवली, त्यावर म्हणे मी घातलेली तिरकस बेरीज-वजाबाकी. अक्षर माझंच. सातचा आकडा मी आडवी रेघ देऊन काढते, तसाच. म्हणजे यांनी माझ्या अक्षराचीसुद्धा नक्कल केली आहे! एवढी मेहनत अभ्यासात केली असती तर दिपोटी खूश झाले असते.

मीही हसले. रडले असते तर त्यांना आयतंच मिळालं असतं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

खरं सांगायचं तर आठवडा चांगला गेला. मला आता खेळायला घेतात. आवडी शेजारी बसते, सरकत नाही. सगळे माझ्याशी हसून बोलतात. वाईला असं व्हायला मला दोन वर्षं लागली होती. पण हे सगळे जिथून बोलायला सुरुवात करतात, तिथे मी नव्हतेच. यांची कुणाशी तरी आधीच ओळख झाली आहे आणि तिच्या वाट्याचं गोड बोलणं मला मिळतं आहे, असं वाटत राहतं.

आज तर हद्द झाली. आवडी बोलता बोलता म्हणाली, वाईला नकाशावर शाई तू सांडलीस आणि छड्या यमूने खाल्ल्या, तुला झोप कशी आली गो?

हे कुणालाच ठाऊक नाही. आईला नाही, खुद्द माझ्या मैत्रिणीला, यमूला नाही. या वहीतही मी लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणते, तूच की, काल, कड्याखाली बोरं वेचताना.

काल शाळा सुटल्यावर मी थेट घरी आले होते. आईबरोबर तांदूळ निवडले.

२७ नोव्हेंबर, सोमवार

आईला विचारायची सोय नाही, ती ताप उतरला नाही म्हणून काढा पाजेल. म्हणून प्रयागबाईंना विचारलं. त्या सूप घेऊन बसल्या होत्या. माझं सगळं ऐकल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “पयल्या हाकेला ओ दिलीस? किती येळा?” मी म्हटलं, रोज. त्यांनी कपाळाला हात लावला.

त्या म्हणाल्या ते असं. करंजकोंडात पहिली हाक कुणाची ते कळत नाही. माणसाची असते, नाही तर कड्याची असते. कडा माणसाचा आवाज ठेवून घेतो आणि त्याच आवाजात हाक मारतो. पण त्याला तीनदा हाक मारता येत नाही, दोनदाच येते. म्हणून इथे कुणीही तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देत नाही, शेतात नाही, घरात नाही, शाळेत नाही. आधी ओ दिली की ती ओ तिकडे जाते. मग तिथे तुझ्यासारखीच ओ देणारी एक तयार होते. आधी आवाज, मग चाल, मग मनातलं एकेक. “आनि मग गो, घरात दोगी व्हतात. घराला तर एकच लागते.”

मी हसायचा प्रयत्न केला. बाबांना हे सांगितलं तर ते प्रतिध्वनीचं गणित परत शिकवतील.

२८ नोव्हेंबर

आज दातावर दात धरले. द्वारका रावजी, पहिली हाक. मी गप्प. द्वारका रावजी, दुसरी हाक. मी गप्प.

मागून कुणी तरी म्हणालं, हजर.

माझ्या मागे कुणी बसत नाही. मागे भिंत आहे. मास्तरांनी मान वर केली नाही, टिंब टाकलं आणि हजेरीपट मिटला. तिसरी हाक मारलीच नाही. आता माझी पाळी कधी येणार? आधी बोलावं तर तिला आणखी मिळतं, आणि थांबावं तर ती बोलते.

आवाज माझाच होता. फक्त माझ्यापेक्षा धीट.

२ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. धुकं. बांधावरून माझ्यापुढे एक मुलगी चालली होती, दप्तर खांद्याला, डावा पाय जरा बाहेर टाकत. मी तशीच चालते, यमू त्यावरून मला चिडवायची. मी पळाले, तशी तीही पळाली. शाळेच्या पायरीशी पोचले तर पायरीवर कुणी नाही. पण वर्गातली सगळी मुलं मला बघून म्हणाली, आत्ता तर आत आलीस, परत बाहेर कशाला गेलीस?

हे नाटक नाही. बारकी पोरं एवढं नाटक करू शकत नाहीत.

९ डिसेंबर

गोदावरी महादू कोण ते आज आवडीला विचारलं. दोन सालांमागे घाटात खडी फोडायच्या कामावर एक मुकादम आला होता, त्याची मुलगी. सोलापूरकडची. तीही पहिल्याच हाकेला ओ द्यायची. काम संपल्यावर आईबापांबरोबर हसत गाडीत बसून गेली, साऱ्या शाळेने तिला निरोप दिला.

मग मास्तर तिला हजर का मांडतात?

आवडीने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, “गाडीत बसून गेली ती गोदा नव्हती. गोदा हितंच हाय.” मी विचारलं, कुठे? तिने तरटाच्या पट्टीच्या टोकाकडे बोट केलं. तिथे कुणी बसत नाही. मी हात लावून पाहिला. जागा उबदार होती, माणूस नुकतंच उठून गेल्यावर असते तितकी.

मला काय भोगायचं आहे ते आता कळलं. बाबांचं काम संपलं की गाडी निघेल आणि गाडीत एकच द्वारका बसेल.

१८ डिसेंबर, सोमवार

आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतलं, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, हे तू सकाळी सांगितलंस तेव्हा हसत होतीस, आता रडतेस कशाला?

मी सकाळी काही सांगितलेलं नाही.

म्हणजे ती घरात येते.

बाबा रागावले. गावातल्या बायकांत बसून डोकं फिरवून घेतलंस म्हणाले. आपल्या शेडग्यांच्या घरात एका हाकेत ओ द्यायची, आणि हे खूळ मोडायचा तोच उपाय. आता बाबा एक सांगतात आणि प्रयागबाई एक. कुणाचं ऐकू?

२८ डिसेंबर

आई हल्ली माझ्यावर फार खूश आहे. शेजारणीला सांगत होती, आमची द्वारका इथे येऊन किती शहाणी झाली. हाक पुरी व्हायच्या आत समोर उभी. बाबांचे पाय चेपते. शकूला न्हाऊ घालते.

मी यातलं काही केलेलं नाही. मी हाकेला थांबायला शिकले आहे. गावातल्या पोरांसारखी. तोंडाशी आलेली ओ गिळायला शिकले आहे. शाळेत मला कुणी परकी म्हणत नाही आता. आणि घरात, मी थांबते तेवढ्यात कुणी तरी आईपुढे जाऊन उभं राहतं.

मी धावत जाते तेव्हा आई एकटीच असते. म्हणते, आत्ता तर पाणी दिलंस.

५ जानेवारी १९३४, शुक्रवार

शकू माझ्याकडे येत नाही. उचलायला गेले तर आईच्या पदरात तोंड लपवलं. मी म्हटलं, शके, मी ताई ना? तिने मान हलवली आणि माजघराकडे बोट केलं.

मी माजघरात गेले. कुणी नव्हतं. माझा हिरवा परकर दांडीवर नव्हता.

आज येसाजी आवडीला सांगत होता, मी भिंतीआड होते म्हणून ऐकू आलं. गोदा राहिली तेव्हापासून दोन सालं गावातलं एकही पोर कड्याने हाकारून नेलं नाही. मग आवडी म्हणाली, पण आता तिला दोन सालं होऊन गेली.

होऊन गेली म्हणजे काय? हे सगळे माझ्याशी गोड का वागतात?

कुणाचाही भरवसा नाही.

११ जानेवारी

माझा आवाज कमी होत चाललाय. बोलते, पण समोरचा ऐकत नाही. जेवताना भात मागितला, तीनदा मागितला. आईने वाढला नाही. मग मी ताट पुढे सरकवलं तर दचकली. क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, शेजारच्या पोरीकडे बघावं तशी. मग म्हणाली, अगं बाई, तू होय.

तू होय! मी तुझी मुलगी आहे आई.

मोरी पुरी झाली. बाबांना हुकूम आला आहे. २० तारखेला वाई.

१४ जानेवारी, संक्रांत

आईने तिळगूळ वाटला. बाबांना, शकूला, प्रयागबाईंना. मी हात पुढे केला. आई म्हणाली, तुला आत्ताच दिला की.

डबा मिटला.

मी आईचा पदर धरून ठेवते दिवसभर. तिला कळत नाही. खिळ्याला अडकला असं वाटून ओढून घेते.

१७ जानेवारी

प्रयागबाईंना मी अजून दिसते. त्यांना सगळं ऐकूही येतं. परसात मला जवळ घेऊन रडल्या. म्हणाल्या, एकच वाट आहे. निघायच्या दिवशी आई गाडीत बसायला हाक मारील. पहिलीला नाही, दुसरीला नाही. गप्प राहायचं, कुठे तरी आडोशाला, तोंड दिसू द्यायचं नाही. तिसऱ्या हाकेला बाहेर येऊन ओ द्यायची. तिसरी हाक माणसाची. तिसरीला ज्याने ओ दिली तोच खरा, त्या दुसऱ्या पोरीला मग घरात जागा नाही. दोन्ही मुलांची शपथ घेऊन सांगते म्हणाल्या.

त्या खोटं का बोलतील? त्यांचं कुणी शाळेत नाही. मुंबईचा नातू चैत्रात यायचा आहे म्हणे इथे शिकायला, पण तो अजून यायचाय.

त्यांचं ऐकते. दुसरं कुणाचं ऐकू?

१९ जानेवारी

आज ती दिसली. दिवसाढवळ्या. आईजवळ बसून ट्रंकेत कपडे भरत होती. माझी वेणी आई घालत होती. माझी नाही. तिची.

मी दारात उभी होते. आईने वर पाहिलं आणि उजेड आला म्हणून दार लोटून घेतलं.

ती वळली नाही. तिला वळायची गरज नाही.

लिहिणं तेवढं माझ्याकडे आहे. ही वही तिने अजून मागितलेली नाही.

आई, उद्या हाक मार. बस, हाक मार.

२० जानेवारी, सकाळ

गाडी दारात. चांगू बैल जुंपतो आहे. मी पडवीत, कणगीच्या आड. चुकून ओ निघू नये म्हणून लिहीत बसले आहे. हात कामात असला की तोंड बंद राहतं—

ट्रंक गेली. वळकटी गेली. शकू बाबांच्या कडेवर.

आईची हाक. द्वारके!

पहिली. बसले गप्प. ओठ दातात धरलाय. आता दुसरी येईल, मग तिसरी, आणि तिसरीला मी—

माजघरातून ओ आली.

पावलं. डावा पाय—

आई म्हणते, गुणाची गं माझी, एका हाकेत आली.

दुसरी हाक नाही. दुसरी— आई दुसरी हाक मारतच नाही. मारलीच नाही कधी. मला ठाऊक होतं, जन्मापासून ठाऊक, या गावात राहून मी थांबायला— आणि प्रयागबाई, त्यांनाही ठाऊक, भिंतीपलीकडे अडीच महिने रोज ऐकत होत्या, आई एकदाच—

चैत्रात नातू—

त्या दारात उभ्या आहेत. कणगीकडे बघतात. डोळे पुसतात. चांगूला म्हणतात, गाडी हाक आता.

मी ओरडले. आत्ता ओरडले, आई म्हणून, होतं नव्हतं तेवढं. बैलाचा कान हलला नाही.

चाक वळलं. शकू मागे बघते आहे. शकू, सांग ना तिला. शकू हात हलवते—

शाळेची घंटा. मास्तर हजेरी—

आई, आणखी एकदा. एकदाच हाक मार, मी पहिल्याच